भिंतीपलीकडचा कान

"मी बहिरा झालोय ही बातमी गल्लीभर झाली, मलाच तेवढी ऐकू आली नाही," असं मिस्त्री एकदा म्हणाले आणि स्वतःच पोट धरून हसले. पण ते पुष्कळ नंतर. नर्सबाई आपली दुचाकी ढकलत गॅरेजच्या दारात आल्या त्या सकाळी हसण्यासारखं काही नव्हतं.

घर आणि गॅरेज यांच्यामध्ये एका विटेची भिंत. अलीकडे ओटा, शेगडी, कुकर आणि मिस्त्रींची बायको. पलीकडे मिस्त्री आणि उघडी पडलेली इंजिनं. एकतीस वर्षं तिनं भाजी चिरली ती या आवाजांच्या सोबतीनं. पान्याला तिनं कधी हात लावला नाही. पण कुठली गाडी बरी होऊन गेली आणि कुठली नुसतीच गेली, हे तिला कुकरची शिट्टी व्हायच्या आत कळायचं. कुणी विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नाही. आपल्याला काही येतं, असंही तिला वाटलं नव्हतं.

नाव होतं ते मिस्त्रींच्या कानाचं. गिऱ्हाईक वळणावर असतानाच ते मान न उचलता म्हणायचे, "चेन सैल झालीय याची." मग दोनेक वर्षांपूर्वी बारीक आवाज एकेक करून निघून गेले. आधी दारावरची घंटा, मग फोनवरची नात. मिस्त्रींनी दोष जगाला दिला. "हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात," म्हणायचे.

नर्सबाई घरोघर जाऊन जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायच्या. पंधरा दिवसांपूर्वी त्या तक्रार घेऊन आल्या होत्या, की सेल्फ मारला की काहीतरी करकरतं. मिस्त्रींनी बटण दाबलं, सवयीनं मान वाकडी करून ऐकलं आणि सांगितलं, "काही नाही. बॅटरी चार्ज करून घ्या." भिंतीअलीकडे बायकोची सुरी थांबली होती. पत्र्यावर खिळा ओढावा तसा तो आवाज तिला लख्ख ऐकू आला होता. ती काही बोलली नाही.

आदल्या दिवशी भर उन्हात, निर्मनुष्य रस्त्यावर सेल्फ जाम झाला, आणि गाडीला किक नव्हती. नर्सबाई खांद्याला पिशवी अडकवून तीन किलोमीटर चालत रोग्याकडे पोचल्या.

"काका, एक विचारू? रागावू नका," त्या आता म्हणाल्या. "तुम्हाला नीट ऐकू येतं ना?"

"काय?" मिस्त्री म्हणाले.

नर्सबाईंनी पुन्हा विचारलं नाही. किल्ली ठेवली आणि बसथांब्याकडे चालू लागल्या.

दुपारी जेवताना बायकोनं विषय काढला. "अहो, पुरे करा आता. उद्या कुणाचा ब्रेक घासत असेल आणि तुम्हाला कळायचं नाही. दादाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर बसा. पार्ट हातात द्यायला कान लागत नाहीत."

मिस्त्रींनी ताट बाजूला सारलं. "ही गाडी मी उघडतो," ते म्हणाले. "पुन्हा परत आली, तर शटर ओढतो आणि तुझ्या भावाकडे स्टुलावर जाऊन बसतो. शब्द दिला."

त्यांनी दिलेला शब्द मोडला असं कधी झालं नव्हतं. तिला बरं वाटलं आणि त्याच घासाला कसंसंही झालं.

इंजिनाचं बाजूचं कव्हर निघालं तसं दुखणं हातात आलं. सेल्फच्या मोटरचा जोर इंजिनापर्यंत नेणारा मधला गिअर आपल्या दांड्यावर हलत होता, पडायला आलेल्या दातासारखा. गिअरच्या पोटातला बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती पितळी नळी, एका अंगानं झिजून अंडाकृती झाला होता. नवा गिअर मिळणार नव्हता; ते मॉडेल कधीच बंद पडलं होतं. मिस्त्री गिअर आणि दांडा रुमालात बांधून सुटे भाग कातून देणाऱ्या लेथवाल्याकडे गेले.

तिथलं सगळं लेथवाल्यानंच तिला पुढे सांगितलं. तो मिस्त्रींचा जुना दोस्त, जिभेला हाड नसलेला. "मी म्हटलं, मिस्त्री, गाडी जुनी, मी जुना, तू तर पुराणातला. सगळंच एकदम बदलून टाकू. तर हा म्हणतो, आधी तुझी लेथ बदल, माझ्या सासऱ्यासारखी खोकतेय. खोकलेलं बरं ऐकू येतं लेकाला!" पण मग तो गंभीर झाला. "वहिनी, त्यानं दांडा तीन ठिकाणी मोजला. बुश आतून जरा कमीच कापून घेतला, कारण गिअरमध्ये ठोकला की तो आवळतो. तेलाचं भोक भोकासमोर आणलं, व्हाइसच्या जबड्यात हळूहळू दाबला आणि मग हातानं भोक तासायचा रीमर फिरवत बसला. केसाएवढं खायचं, पुसायचं, दांडा घालून बघायचा. शेवटी दांडा आपल्याच वजनानं खाली उतरला, थांबत थांबत. डोळे मिटून करत होता सगळं. मी चाळीस वर्षं लेथवर आहे, मला असं बोट नाही."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गाडी जोडून झाली. ती बटाटे सोलत होती. पलीकडे सेल्फ लागला. आवाज भरीव, एकजीव. तिनं सुटकेचा श्वास टाकला. मिस्त्रींनी बटण सोडलं आणि अगदी शेवटी, इंजिनानं पेट घेता घेता, एक बारीकशी खर्र आली. दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदाही.

पलीकडे मिस्त्री फोनवर ओरडत होते, "या बाई, गाडी तयार आहे!"

तिला नुसतं गप्प बसायचं होतं. गाडी महिन्याभरात परत येईल, शटर खाली येईल, तिच्या जिवाचा घोर संपेल. गप्प बसणं तिला नवं नव्हतं. मागच्या वेळी बसलीच होती. तिला ते तीन किलोमीटर ऊन आठवलं. अर्धा सोललेला बटाटा हातात तसाच घेऊन ती गॅरेजच्या दारात गेली.

"अहो, घासतंय."

"काय?"

ती त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, ओठ दिसतील अशी. "घासतंय! दाबताना नाही. सोडताना. शेवटी शेवटी."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"कळत काहीच नाही. ऐकू येतं."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. "आणि पंधरा दिवसांपूर्वी?"

"तेव्हाही आलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मान वाकडी केली होतीत ना, ऐकल्यासारखी." तिचा आवाज बारीक झाला, मग तिनंच तो पुन्हा चढवला. "परक्या माणसासमोर कसं सांगू?"

मिस्त्री खाली बसले. तेल काढलं, एकेक बोल्ट सोडवला, कव्हर उतरवलं. आतल्या अंगाला चंद्रकोरीसारखा ताजा, चकचकीत ओरखडा उठला होता. मोटरचा जोर सुटला की गिअर बाजूला सरकत होता आणि कव्हरला घासत होता. मध्ये एक कागदासारखा पातळ वॉशर असायला हवा होता. नव्हता. तो कव्हरखालच्या जुन्या पॅकिंगला तेलानं चिकटला होता आणि पॅकिंग खरवडून काल कचऱ्यात गेलं होतं. मिस्त्रींचा आधीचा कान असता तर पहिल्याच सेल्फला हे कळलं असतं.

तिनं कचऱ्याचा डबा उपडा केला. चिंध्या, काळं पॅकिंग, तुटकी स्प्रिंग. "हीच का ती चकती?"

मिस्त्रींनी कडेवरून अंगठा फिरवला. "हीच."

गाडी पुन्हा जुळली. त्यांनी बटण दाबलं, सोडलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा इंजिनाऐवजी बायकोच्या तोंडाकडे बघितलं. तिनं डोळे मिटले होते.

"परत," ती म्हणाली. त्यांनी परत दाबलं.

"हं. गेलं."

नर्सबाई आल्या तेव्हा मिस्त्रींनी किल्ली लगेच दिली नाही. "मागच्या खेपेला मला ऐकू आलं नव्हतं. बॅटरीचं मी आपलं ठोकून दिलं. तुम्हाला पायपीट झाली. आता गिअरचा बुश नवा घातलाय, आणि हिनं ऐकलंय."

नर्सबाईंनी सेल्फ मारला. दोनदा. "मग काकू, गॅरंटी कुणाची?"

"बुशची यांची, आवाजाची माझी," ती म्हणून गेली आणि हातातल्या बटाट्यासकट लाजली.

गाडी परत आली नाही. तीन महिन्यांनी आली ती तेल बदलायला, आणि मागोमाग नर्सबाईंच्या ओळखीची दुसरी. दादानं फोन करून विचारलं, स्टूल रिकामं ठेवू का? "दुसरं कुणी बघ," ती म्हणाली, "मला इथं काम असतं."

मग एका सकाळी पेपरवाला आला. त्याच्या गाडीत कुठूनतरी टकटक येत होती. मिस्त्रींनी इंजिन चालू केलं आणि भिंतीवर थाप मारली. ती पदराला हात पुसत आली, वाकली, उठली, परत वाकली. मिस्त्री निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे तिच्या ओठांकडे टक लावून उभे.

"अहो, असे डोळे वटारून उभे राहिलात तर मला काही सुचायचं नाही. जरा बाजूला व्हा बघू."

पेपरवाल्यानं हसू दाबलं. मिस्त्रींनी हात चिंधीला पुसले, धडधडणारं इंजिन तिच्या हवाली केलं आणि सांगितल्याप्रमाणे बाजूला होऊन रस्त्यावर जाऊन उभे राहिले.