शाल, नारळ आणि सासऱ्यांचा फोटो

ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. शाळा चौथीत सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माफ करावं आणि मुकाट्यानं होती तिथं ठेवावी.

आमच्या घरात देवांपेक्षा सासऱ्यांच्या फुटबॉलला मान. तरुणपणी हैदराबादच्या एका जुन्या क्लबात आपण खेळाडू होतो, असं ते मरेपर्यंत सांगायचे. नंतर आमचे मालक, त्यांचा मुलगा, सांगायला लागले. गंगाखेडात यांच्या पंक्चरच्या दुकानावर कुणी त्यावर हसलं, की यांचं तोंड हवा गेलेल्या ट्यूबसारखं व्हायचं. शेवटी क्लबात जाऊन बापाचा फोटो बघायचाच, असं यांनी ठरवलं. भाड्याला पैसे माझे, पिको-फॉल करून साठवलेले. मी अट घातली. सासरे खेळाडू म्हणून दिसले तर पैसे सोडले, नाहीतर सगळे परत.

यांनी सोबत शाल आणि नारळ घेतला. मोठ्या ठिकाणी सत्कार केल्याशिवाय आमच्याकडं भागत नाही.

हैदराबादेत आधी चारमिनार बघितला. मिनार चार आहेत, खोटं नाही. बाजूच्या गल्लीत लाखेच्या बांगड्या बघितल्या. परक्या माणसाशी मला बोलता येत नाही, म्हणून मी नुसती उभी राहिले, तर दुकानदारच कंटाळून भाव उतरवत गेला. इराणी चहात यांनी बिस्किटं बुडवली, ती निम्मी तळाला गेली.

क्लबाचं मैदान आमच्या आठवडी बाजाराएवढंच. गोलच्या खांबांमध्ये बकरी बसलेली. ऑफिसला सुट्टी. एक म्हातारी झाडत होती आणि किल्ल्या तिच्याच कमरेला. म्हणजे सत्कार तिचाच. पण परक्या बाईला यांनी शाल कशी घालावी? शाल-नारळ माझ्या हातात कोंबून हे हळूच म्हणाले, "दोन शब्द बी बोल."

मी शाल घातली, नारळ दिला. शब्द एकच निघाला, "घ्या."

बाई खराटा धरून ताठ उभी राहिली. मग म्हणाली, "इत्ते सालां झाडू मारी मैं, शाल कोई नै डाले." आणि तिनं जिंकलेल्या कपांची खोली उघडली.

भिंतभर फोटो. हे काचेला नाक लावून एकेक बघत निघाले. शेवटच्या रांगेत सासरे सापडले. तसले सुपाएवढे कान दुसऱ्या कुणाचे असणार? खेळाडू काही खुर्च्यांवर, काही मागं उभे. सासरे पार कडेला, हातात पाण्याची बादली.

यांनी बाहीनं काच पुसली. मग म्हणाले, "फोटोत हायेत ना?"

"हायेत की. बादली घेऊन."

"मग? पाणी न पिता कोण खेळतंय?"

आता दुकानावर हे बादलीचीच गोष्ट सांगतात. त्या पाण्यावाचून एकही कप आला नसता म्हणे. लोक हसतात, पण हेही हसतात.

अट मात्र अट. दर शनिवारी दुकानाच्या गल्ल्यातून थोडे थोडे माझ्या डब्यात पडत राहिले. काल शेवटची नोट टाकून हे म्हणाले, "बाबाची बादली फिटली." मी डबा पालथा करून मोजले. पुरे भरले.