अकोल्याच्या कोर्टात चालला असता तो दावा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तीस वर्षं अकोल्यात वकिली केली, शेकडो लोकांचे जबाब लिहून घेतले. स्वतःचा मात्र राहूनच गेला.

बार्शीटाकळीकडचे नामदेवराव झेंडू-शेवंती लावायचे. त्यांची मुलगी अर्चना शाळेत शिकवायची. कॅनडातल्या एका मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. तिनं ते मोडलं. त्यानं राग असा काढला — तिचा फोटो टाकून तिच्या चारित्र्याबद्दल वाटेल ते खोटं लिहिलं, तिकडच्या एका वेबसाइटवर. आठ दिवसांत ते गावातल्या मोबाइल-मोबाइलवर पोचलं.

बापलेक माझ्याकडे आले. मी कागद चाळले आणि म्हणालो, "मुलगा परदेशात, वेबसाइट परदेशातली. आपल्या कोर्टाला अधिकारच नाही. दावा तिकडेच लावावा लागेल."

नामदेवरावांनी लेकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पण साहेब, पोरगी तर अठी रडून राहिली. कोर्ट तठी काहून?"

चौथी शिकलेल्या त्या माणसानं नेमका कायदा सांगितला होता. बदनामी जिथं वाचली जाते, अब्रू जिथं जाते, तिथल्या कोर्टात दावा लावता येतो. मला ते ठाऊक होतं. मग खोटं का बोललो? असला दावा मी कधी चालवला नव्हता. परदेशात समन्स कसं बजावायचं, हुकूम निघाला तरी ती वेबसाइट जुमानेल का — न्यायाधीशांनी विचारलं असतं, तर ज्युनिअरांदेखत माझी फजिती झाली असती. "मला हे जमत नाही, दुसरा वकील पाहा" — एवढं तरी सांगायचं होतं. तेही नाही.

"म्हणजे कुठंच नाही?" अर्चनानं एवढंच विचारलं. मी मान डोलावली.

साडेदहा महिन्यांनी अमरावतीच्या बाजारात नामदेवराव दिसले. मी नजर चुकवून वळलो होतो. त्यांनीच हाक मारली. अर्चनानं शाळा सोडली होती. "घराच्या भायेर निघत नाही, साहेब. लोकं फोन पाहून हासतेत म्हनते." मग माझा हात धरून म्हणाले, "तुमी खरं सांगतलं, बरं झालं. नाहीतर आमी उगाच चकरा मारत राह्यलो असतो."

बदनामीच्या दाव्याला मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून वर्षाची मुदत असते. महिनाभर बाकी होता. मी तो तिथंच मनात मोजला — त्यांच्या हातात हात असताना. पण तोंड उघडलं असतं, तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं.

"तब्येतीला जपा," म्हणालो. त्यांनी चहा पाजला. मी प्यालो.

मुदत टळून गेली. मागच्या वर्षी नामदेवरावही गेले — मला खरं बोलणारा माणूस समजून. वेबसाइटवरचं ते पान अजून तसंच आहे. मी अधूनमधून उघडतो. फोटोत अर्चना हसते आहे. खाली परवाच कुणीतरी काहीतरी लिहिलं आहे.