न झालेलं सेव्ह

त्या दुष्काळात मी नांदेडच्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायची नोकरी करत होते. विष्णुपुरीच्या कॉलेजातून बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते, जीभ मात्र आधीपासूनच तिखट. आमचं एक सॉफ्टवेअर लातूरच्या एका टँकर ठेकेदाराकडे चालायचं. उदगीर वेगळा जिल्हा होणार का, यावर तिथं चहाच्या वेळी वाद रंगायचे. संध्याकाळी ऑपरेटर काका उद्याच्या खेपा गावागावाच्या फाइलीत भरायचे. सकाळी त्यावरून चिठ्ठ्या छापायच्या आणि ड्रायव्हर निघायचे. चिठ्ठी नाही तर टँकर नाही, असा साधा कारभार.

माझ्या थोरल्या बहिणीचं सासर चाकूरकडचं. ती नुकतीच बाळंत झाली होती. माहेरी यायचं तर आईकडे तरी कुठं पाणी होतं! बाळ-बाळंतिणीचं न्हाणं, धुणं, सगळं टँकरवर.

एके दुपारी तिचा फोन आला. "टँकर आलाच न्हाई गं. सकाळपासून घागरी रांगेत हायत."

मी लगेच ठेकेदाराकडे फोन लावला. काका म्हणाले, "मी काल भरलं की मॅडम. 'सेव्ह झालं' असं आलंय, आईशप्पथ!"

मी तडक लातूरची बस धरली. जाऊन बघते तर ताईच्या गावाची फाइल कोरी आणि डिस्क गच्च. काकांनी प्रत्येक फाइलीच्या नकला जागा मिळेल तिथं करून ठेवल्या होत्या. घरी तांब्यापासून हंड्यापर्यंत सगळं भरून ठेवायची सवय लागलेला माणूस, दुसरं काय करणार! "असू द्यावं मॅडम, कवा काय लागंल," म्हणाले. त्यांच्यावर रागावता येईना.

राग आला तो आमच्या प्रोग्रॅमचा. तो आधी जुनी फाइल रिकामी करायचा आणि मग नवं लिहायला जायचा. डिस्कवर जागाच नाही, त्यामुळे लिहिणं फसलं आणि हातात ना जुनं, ना नवं. आमच्याकडच्या बायकासुद्धा नळाला धार लागलेली बघूनच शिळं पाणी ओततात. वर हा शहाणा, 'सेव्ह झालं' म्हणून मोकळा!

दुरुस्ती अवघड नव्हती. नवं आधी वेगळ्या फाइलीत लिहायचं, पूर्ण उतरलं का ते तपासायचं, मगच जुन्याच्या जागी ठेवायचं. एका गावाचं अडलं म्हणून बाकीच्यांचं थांबवायचं नाही. आणि फसलं तर फसलं, असं स्क्रीनवर सांगायचं. कंपनीचे मालक, म्हणजे आमचे सर, यांना फोनवर हे सांगितलं, तर ते शेवटच्या गोष्टीवर अडले.

"असलं काही दिसलं की गिऱ्हाईक बिथरतं. आतल्या आत नोंद ठेव, आपण बघून घेऊ."

"आणि आपण बघेपर्यंत माझ्या ताईच्या गावानं काय करायचं?"

"घरचं गाऱ्हाणं ऑफिसात आणू नकोस," सर म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रात्री ताईला फोन केला. "लई हाल झाले ना गं?"

"पाण्याचं मेलं काय, सवय हाय आता. पण टँकर न्हाई म्हणून कुणी सांगायचं तरी! हे सकाळीच मळ्यातल्या बोरवर गेले असते. वाट बघून बघून दुपारी गेले, तर लाइट गेलेली. लेकराला तसंच निजवलं."

दुसऱ्या दिवशी मी सरांना तिचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. आवाज चढला होता, डोळेही भरले होते. सरांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "लिही. पण लाल अक्षरांत नको."

मी काळ्या अक्षरांत लिहिलं, 'या गावाची उद्याची खेप सेव्ह झाली नाही. जुनी माहिती जागेवर आहे. गावाला फोन करा.'

पुढं महिनाभरात ती डिस्कच आजारी पडली. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला, आवाज अगदी खुशीतला.

"अगं, काल तुमच्या त्या काकांचा गावात फोन आलता. मशीन बिघडलंय म्हणाले, सकाळचा टँकर न्हाई, दुपारून बघू."

"मग गं?"

"मग काय! हे पहाटेच बोरवरून भरून आले. लेकरू न्हाऊन निजलंय बघ गाढ."

टँकर नाही ही बातमी ती इतक्या आनंदानं सांगत होती, की मला फोनवरच रडू फुटलं.