‘मी’ म्हणजे कोण

“बिचारी रोजची आजारी, तरी बघ कशी वेळेवर फाटकात उभी!” रांगेतली एक बाई मागच्या बाईला मराठीत म्हणाली.

“नवऱ्याचं लक्ष नसेल गो,” मागची म्हणाली.

हे चाललं होतं आमच्या पाळणाघराच्या प्रमुख बाईबद्दल. ती रुमानियाहून आलेली, दणकट. तिला साधं शिंकताना मी पाहिलं नव्हतं. रोज सकाळी ती इस्रायलमधल्या ओफाकिम गावाच्या त्या पिवळट धुळीत फाटक अडवून उभी राहायची आणि मूल आत घेण्याआधी प्रत्येक आईला विचारायची, “मी खोले?” हिब्रूत ‘मी’ म्हणजे कोण, आणि ‘खोले’ म्हणजे आजारी; बाई असेल तर ‘खोला’. घरात कोण आजारी आहे, एवढाच प्रश्न. पण कोकणातून मुंबईमार्गे नुकत्याच आलेल्या या ज्यू बाया दवाखान्यात ‘खोले’ तेवढं शिकल्या होत्या. ‘मी’ त्यांना आपलं मराठीच वाटलं.

मी त्यांना सांगू शकले असते. पण मुंबईत माझी शाळा इंग्रजी, घरी मराठी, इथे संध्याकाळच्या वर्गात हिब्रू. मला तीन भाषांमध्ये गप्प बसता येत होतं. मी साबणाच्या पाण्याची परात घेऊन प्रमुखबाईच्या मागे उभी राहायचे आणि येणारे चिमुकले हात धुवायचे.

एकदा त्या पहिल्या बाईने कापडगिरणीत कामाला जाता जाता सुंठीचा काढा आणून दिला. “घे गो बाय, तिला सांग, गरम असतानाच पी.” प्रमुखबाईने बाटली हुंगली, माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तिने काढा स्वयंपाकघरात नेऊन आधी पुन्हा उकळला, मग ती तो प्यायली. तिथे सगळंच उकळलं जायचं. दुधाच्या बाटल्या, बुचं, चमचे, लंगोट. खिडक्यांवर वाफ धरायची आणि बाहेरचं वाळवंट विरघळून जायचं. प्रत्येक मुलाचा टॉवेल वेगळ्या खुंटीवर, खुंटीवर चित्र: मासा, बदक, छत्री. वाचता न येणारी मुलं झोपेतून उठून डोळे चोळत बरोबर आपल्या माशाकडे जायची. दुपारी सगळे पाळणे एकाच श्वासाने हलताहेत असं वाटायचं, आणि मला आपण नक्की कुठल्या देशात आहोत ते आठवायला जरा वेळ लागायचा.

मग गावात कांजिण्या आल्या. सुट्टी घेतली तर गिरणीतलं काम जाईल या भीतीने आया मुलांच्या पुटकुळ्यांवर पावडर फासून आणू लागल्या. प्रमुखबाई ओल्या फडक्याने पावडर पुसायची आणि मुलाला तसंच परत पाठवायची. शिव्या खायची, पण फाटक सोडायची नाही. आत, कोपऱ्यातल्या पाळण्यात, दिवस भरण्याआधी जन्मलेली एक मुलगी होती, माझ्या तळहातात डोकं मावेल एवढी. “हिला काही होता कामा नये,” प्रमुखबाईने मला बजावलं होतं. तिला पाजणं, पुसणं माझ्याकडे होतं. ती दूध पिताना एक डोळा उघडा ठेवायची. मीही जगाकडे तशीच बघते, असं मला वाटायचं.

शनिवारची सुट्टी संपली त्या सकाळी मला माझ्या मनगटावर पाण्याच्या थेंबासारखं काहीतरी दिसलं. पुसलं, गेलं नाही. लहानपणी भावंडांना कांजिण्या आल्या तेव्हा आईने मला मावशीकडे धाडलं होतं, त्यामुळे मला त्या कधी आल्याच नव्हत्या. मी बाही खाली ओढली. माझी नोकरी हंगामी होती. माझ्या आधीची मुलगी आजारी पडून घरी बसली, तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही. रस्ता त्या दिवशी मऊ वाटत होता, घरं थोडी तरंगत होती. ताप असेल, हे मला कळत होतं.

रांग संपली. प्रमुखबाईने सवयीने, मागे न बघता, आम्हा कामवाल्यांनाही विचारलं, “मी खोले?”

आतून त्या छोटीचा आवाज आला. दुधाची वेळ झाली होती.

“मी,” मी म्हणाले.

“तेच विचारतेय ना. कोण?” ती हिब्रूत वैतागली.

फाटकाबाहेर रेंगाळलेली काढेवाली हसली. “हिलाही लागली गो तिची सवय!”

हिब्रूत ‘मी’ला ‘अनी’ म्हणतात. ते मला नेहमी आपल्या ‘आणि’सारखं ऐकू यायचं. तो शब्द उच्चारला की पुढे काहीतरी बोलणं भाग पडेल असं वाटायचं, म्हणून मी तो टाळत आले होते. मी बाही कोपरापर्यंत वर केली.

“अनी खोला,” मी मोठ्याने म्हणाले. “आज छोटीला दुसरं कुणीतरी घ्या.”