उठायच्या आधी एक ओळ

आमच्या ऑफिसात चहाला उठायचं तर ताईंची परवानगी लागायची. तसा काही नियम नव्हता, पण तुम्ही खुर्ची मागे सरकवली की पलीकडच्या टेबलावरून आवाज यायचाच, "उठायच्या आधी एक ओळ!" म्हणजे सकाळपासून प्रोग्रॅममध्ये जे काही बदललंत ते काय बदललं आणि का बदललं, हे एका ओळीत लिहून जमा करायचं आणि मग खुशाल उठायचं. विनय एकदा दारापर्यंत पोचला होता. "ताई, अर्जंट आहे हो," म्हणून त्याने पाय आपटले, तर ताई म्हणाल्या, "मग छोटी ओळ लिही."

त्यांचं नाव सुजाता. पन्नाशीला आलेल्या, जुईनगरला राहणाऱ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आमची कंपनी म्हणजे तुर्भ्यातल्या एका इमारतीचा अर्धा मजला आणि सहा माणसं. एपीएमसी मार्केटमधल्या फळांच्या व्यापाऱ्यांकडे केळी पिकवायच्या थंड खोल्या असतात. त्यांचं तापमान सांभाळणारा प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. खोली तापली की शेठच्या मोबाईलवर अलार्म वाजायचा, तो आमचा. मी तिथे लागले तेव्हा सहा वर्षं घरी बसून झाली होती. मुलगी शाळेत जायला लागली, मग सीवूड्सच्या घरातून रोज मुलाखतींना निघायचे आणि "एवढी गॅप?" हा प्रश्न ऐकून परत यायचे. इथल्या सरांनी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं. ती नोकरी गेली असती तर पुन्हा कुठल्या दारात उभं राहायची माझ्यात हिंमत उरली नव्हती, खरं सांगते.

मी आले तेव्हा त्या ऑफिसचा कारभार एका पेन ड्राइव्हवर चालायचा. कॅलेंडरच्या खिळ्याला लाल दोऱ्याने तो लटकवलेला असे. ज्याच्या हातात पेन ड्राइव्ह, त्यानेच प्रोग्रॅमला हात लावायचा, बाकीच्यांनी थांबायचं. आत फोल्डर तरी किती! 'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल', 'फायनल सरांनी बघितलेलं'. ताई सरांच्या मागे लागून थकल्या होत्या, की गिट लावू या, सगळ्यांचं काम एका जागी राहील, कुणी कधी काय बदललं ते दिसेल, चुकलं तर मागे जाता येईल. सरांचं उत्तर ठरलेलं, "ताई, चाललंय ना? मग कशाला टेन्शन?" माझ्या दुसऱ्या आठवड्यात विनय पेन ड्राइव्ह पॅन्टच्या खिशात विसरून घरी गेला आणि त्याच्या आईने ती पॅन्ट वॉशिंग मशीनमध्ये टाकली. सर तीन दिवस डोक्याला हात लावून बसले. चौथ्या दिवशी म्हणाले, "लावा काय लावायचं ते."

ताईंनी सहाही मशीनवर ते स्वतः लावलं. ज्या विंडोत आम्ही कोड लिहायचो, तिथेच डाव्या बाजूला एक पट्टी उघडून दिली. काय बदललं ते तिथे दिसायचं, खाली ओळ लिहायला चौकोन होता आणि त्याखाली जमा करायचं बटण. आणि लिहिलेल्या कुठल्याही ओळीवर माऊस नेला की शेजारी करड्या अक्षरांत दिसायचं, ही ओळ कोणी लिहिली आणि कोणत्या तारखेला. ताई या सगळ्याला 'नोंद' म्हणायच्या. मी पहिल्या दिवशी 'बदल केले' असं लिहून मोकळी झाले, तर मागे येऊन उभ्या. "बदल केलास हे मलाही दिसतंय गं. का केलास ते लिही. सहा महिन्यांनी तूच विचारशील, कुठल्या शहाणीने हे लिहिलंय म्हणून."

एकच गोष्ट त्या कुणाच्याही मशीनवर करायच्या नाहीत. नाव टाकायच्या नाहीत. सगळं लावून झालं की कीबोर्ड समोर सरकवायच्या, "नाव ज्याचं त्याने टाकायचं." सर म्हणाले, "अहो, दोन मिनिटांचं काम, टाका ना तुम्हीच." तेव्हा सगळ्यांसमोर हसत त्यांनी सांगितलं होतं, "सर, शाळेत माझं नाव मास्तरांनी टाकलं. घरी मी सुजाता, आईने हौसेने ठेवलेलं. मास्तर म्हणाले, तुमच्यात एवढं मोठं नाव कशाला, आणि लिहिलं 'धोंडी'. आईला वाचता येत नव्हतं. ते बदलून घेईपर्यंत मी बावीस वर्षांची झाले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणून आपण दुसऱ्याचं नाव लिहीत नाही."

माझ्या मशीनची पाळी आली तेव्हा काम अर्ध्यावर असताना सरांनी ताईंना आत बोलावलं. "नाव तेवढं टाकून घे," म्हणून त्या गेल्या. मी नोंद जमा करायला गेले तर लाल अक्षरांत इंग्रजी संदेश, आधी तुम्ही कोण ते सांगा. आता नाव कुठे टाकायचं ते मला सापडेना आणि विचारायची लाज वाटत होती. सहा वर्षं घरी बसलेली बाई, एवढंही येत नाही म्हणतील. ताईंनी आपली सेटिंगची फाईल नमुना म्हणून सगळ्यांना बघायला ठेवली होती. मी ती जशीच्या तशी उचलून माझ्या मशीनवर टाकली. लाल अक्षरं गेली. काम सुरू झालं. फक्त माझी प्रत्येक ओळ ताईंच्या नावावर जमा व्हायला लागली.

हे ताईंच्या दोन दिवसांत लक्षात आलं. "मेघना, तुझी नोंद माझ्या नावावर पडतेय. नाव टाकून घे." "हो ताई, टाकते." आठवड्याने पुन्हा, "टाकलंस का गं?" "आज नक्की." त्या स्वतः अर्ध्या मिनिटात करू शकल्या असत्या, पण करणार नव्हत्या. आणि मी का नाही केलं? आळस, असं सांगून सुटता येईल. पण माझ्या मनात कुठेतरी बरं वाटत होतं. प्रोबेशनवरची बाई मी, चुकलंबिकलं तर खपून जाईल ताईंच्या नावावर. असा विचार मी केला होता, आणि तो आठवला की अजून कान गरम होतात.

सहा डिसेंबरला ताईंची सुट्टी असायची. दर वर्षी त्या दिवशी त्या दादरला, चैत्यभूमीजवळच्या पाण्याच्या स्टॉलवर सकाळपासून उभ्या. ऑफिसातून कुणीही बोलावो, फोनसुद्धा घ्यायच्या नाहीत. नेमका त्याच दुपारी सरांचा मार्केटमधून मला फोन आला. एका शेठची तक्रार होती, की खोलीचं दार उघडलं तरी अलार्म बोंबलतो. दहा मिनिटं सलग तापलं तरच वाजू दे, आत्ताच्या आत्ता करून पाठव. मी दहा मिनिटांचे सहाशे सेकंद केले आणि सहाशे लिहिलं. प्रोग्रॅम मिनिटं मोजत होता. म्हणजे अलार्म दहा तासांनी वाजणार होता. नोंदीत 'बदल केले' लिहिलं, जमा केलं आणि मुलीला आणायला पळाले.

चार दिवसांनी त्याच शेठच्या खोलीचं कूलिंग रात्रीत बंद पडलं आणि अलार्म वाजलाच नाही. सकाळी दार उघडलं तर अख्खी खोलीभर केळी काळी पडून पाझरत होती. शेठ फोनवर इतका ओरडत होता की सरांच्या केबिनमधून बाहेर ऐकू येत होतं. सर तरातरा बाहेर आले, विनयच्या स्क्रीनवर त्यांनी ती ओळ शोधली, माऊस नेला. करड्या अक्षरांत नाव आलं, सुजाता.

"ताई, या इकडे," सर म्हणाले. "हे तुमचंच रजिस्टर ना? तुमचंच नाव आहे."

ताई उठल्या. चष्मा लावला, वाकल्या, वाचलं. नाव वाचलं आणि पुढची तारीखही वाचली, हे मी माझ्या जागेवरून बघितलं. मग त्यांनी मान वर केली आणि एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. आता बोलतील, आता बोलतील. एक वाक्य पुरे होतं, सर, त्या दिवशी मी सुट्टीवर होते. रजेच्या अर्जावर सरांचीच सही होती!

ताई म्हणाल्या, "सर, चूक आधी दुरुस्त करते."

"दुरुस्त करा, आणि पाचपर्यंत मला लेखी द्या. शेठला मी शब्द दिलाय, ज्याने हे केलं तो माणूस उद्या इथे नसेल." सर केबिनमध्ये गेले आणि दार आपटलं.

जेवायला आम्ही रोज एकत्र बसायचो, तशाच बसलो. ताईंनी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. नेहमीसारखी अर्धी माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली. मी भाकरीचा तुकडा नुसता मोडत बसले. वाटत होतं, शिव्या घाला, काहीही बोला. ताईंनी विचारलं, "मीठ जास्त झालंय का गं?" मी मान हलवली. मनात हिशेब चालूच होते. ताईंना इतकी वर्षं झालीत, त्यांना थोडंच काढतील? मला मात्र नक्की काढतील. माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईला त्या वेळी अशी कारणं किती पटापट सुचत होती!

तीन वाजता त्यांनी दुरुस्ती जमा केली, ओळ लिहूनच: 'अलार्मची वेळ मिनिटांत आहे, सहाशेच्या जागी दहा केले.' मग कोरा कागद घेतला. साडेचारला मी पाणी आणायच्या निमित्ताने मागून गेले आणि वाचलं. 'नोंदीवर नाव माझे आहे. सर्व मशीनवर ही व्यवस्था मी लावली. ती नीट लागली की नाही हे बघणे माझे काम होते.' पुढे काही नव्हतं. खाली सहीची जागा.

"ताई, सहा डिसेंबर लिहा ना," मी कशीबशी म्हणाले. "तुम्ही इथे नव्हतातच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "लिहिलं तर सर विचारतील, मग कोण? मग मला तुझं नाव टाकावं लागेल."

"मग टाका!"

"मी दुसऱ्याचं नाव लिहीत नाही, मेघना." आवाज अगदी साधा होता, पण कागदाचा कोपरा त्या पुन्हा पुन्हा दुमडत आणि उलगडत होत्या. म्हणजे त्याही घाबरल्या होत्या. हे मला दिवसभर सुचलंच नव्हतं. त्यांचा मुलगा शिकत होता, घरात कमावणाऱ्या त्या एकट्या, आणि पन्नाशीच्या बाईला दुसरी नोकरी कोण देणार होतं? "सात तारखेला कामावर आल्यावर तुझा बदल मी वाचायला हवा होता. नाही वाचला. तेवढं माझं. बाकीचं तू बघ."

पाचला सात मिनिटं होती. मी केबिनचं दार ढकललं आणि उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. फाईल उचलल्याचं, सहाशेचं, सगळं. बोलताना रडले, ते नको होतं, पण रडले. सर ऐकत राहिले आणि मग काय म्हणाले असतील? "अरे हो, त्या दिवशी मी तुलाच फोन केला होता की!" एवढंच. माणूस विसरला होता, कारण स्क्रीनवर दुसरं नाव होतं. इतकी वर्षं ओळखत असलेल्या बाईला विचारावंसंसुद्धा वाटलं नव्हतं. माझा स्वतःवरचा राग होताच, त्यात सरांचाही आला आणि रडणं थांबलं.

मला काढलं नाही. सरांनी शेठची समजूत घातली आणि माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. बाहेर येऊन ताईंना म्हणाले, "चला ताई, मिटलं. विसरून जा." ताई कागद फाडत म्हणाल्या, "मिटलं तर एक ओळ लिहा, सर. कुणाची चूक होती ते मघाशी सगळ्यांसमोर बोललात, ते कुणाची नव्हती हेही सगळ्यांना कळू द्या." सर हसण्यावारी न्यायला बघत होते, पण विनय आणि बाकीचे खुर्च्या वळवून थांबले होते. शेवटी सर म्हणाले, "ताईंची चूक नव्हती. सॉरी, ताई."

मग ताईंनी खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली, नाव टाकायची जागा उघडून दिली आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "टाक." मी नाव टाकलं. विचारलं, "मागच्या सगळ्या नोंदींवरचं नाव बदलता येतं ना, ताई?" म्हणाल्या, "येतं. पण झालं ते झालं, उगाच खाडाखोड नको. राहू दे माझ्याकडे."

पुढे चार वर्षं आम्ही शेजारी बसलो. मागच्या वर्षी ताई गेल्या. किडनीचं दुखणं काढलं, पण डायलिसिसच्या दिवशीसुद्धा घरून ओळ लिहून जमा करायच्या. जुईनगरला त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गेले तेव्हा त्यांच्या मुलाने भेटायला आलेल्यांची नावं लिहायला वही ठेवली होती. माझ्या पुढच्या बाईंना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, त्या म्हणाल्या, "तूच लिही रे माझं." तो म्हणाला, "चष्मा देतो मावशी, तुम्हीच लिहा." मला तिथे उभं राहवेना.

आता नव्या माणसांची मशीन मी लावते. सगळं लावून देते आणि नावाच्या जागी आले की कीबोर्ड सरकवते. परवा एक नवी मुलगी जुना कोड वाचत होती. ओळीवर माऊस नेला आणि हसून म्हणाली, "मॅडम, ही सुजाता कोण हो? काय भंगार लिहिलंय बाईने." मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. तारीख बघितली.

"ती ओळ माझी आहे," मी म्हणाले.