तिसऱ्या बोटीचा वाकडा सांधा

बबनच्या जाण्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलाच होतो. राजुरीहून त्याचा मुलगा बोलत होता, "गुरुजी, दादा गेले..." आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हा माणूस ऐन वेळी का फिरला ते आता कधीच कळणार नाही. दुःख मागाहून आलं. लिहायला लाज वाटते, पण संशयी माणसानं निदान स्वतःबद्दल तरी खोटं लिहू नये.

मढजवळ धरणाच्या पाण्यावर आमच्या क्लबच्या शिडाच्या सात बोटी आहेत. नौदलातून निवृत्त होऊन गावी आलेल्या एका गृहस्थांनी पस्तीसेक वर्षांपूर्वी या बोटींचा नकाशा आणला आणि बबनला विचारलं, जमेल का? बबनचं घराणं मेंढरांमागे फिरणारं, हा एकटाच सुतारकीत शिरलेला. पाणी पाहिलं होतं ते मेंढरांना पाजण्यापुरतं. त्यानं एकाच साच्यावरून सातही बोटी बांधल्या, सुताचाही फरक नाही. शर्यतीच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून बोटी वाटायच्या, म्हणजे जिंकेल तो स्वतःच्या हुशारीनं. तरीही हरणारा बोटीलाच बोल लावायचा, आणि त्यात मी, क्लबचा चिटणीस, सगळ्यात पुढे. कुणी गुपचूप तळ घासला असेल, कुणी वजन काढून घेतलं असेल... माझ्या समाधानासाठी बबन शर्यतीआधी प्रत्येक बोटीच्या तळावरून तळवा फिरवायचा. "समद्या सारक्या हायेत, गुरुजी. वाईट असल्या तरी सारक्याच वाईट. सारकं असलं म्हंजी झालं!"

मग बोटी म्हाताऱ्या झाल्या. मंचरचे एक डॉक्टर आमचे सभासद, त्यांनी फायबरच्या बोटींचा विषय काढला. लाकूड कुजतं, पाणी पिऊन जड होतं, नवी मंडळी फिरकत नाहीत. मी आणि बबन विरोधात. तीन वर्षं प्रत्येक बैठकीत तेच गुऱ्हाळ. डॉक्टरांना क्लब आपल्या खिशात घालायचा आहे असा मला संशय, आणि मला चिटणीसपद सोडवत नाही असा त्यांना. "फायबर फुटलं तर दुरुस्त कोन करनार? पुन्याला न्यायचं व्हय?" असं बबन विचारायचा आणि डॉक्टर विषय पुढच्या बैठकीवर ढकलायचे.

गेल्या दिवाळीनंतरच्या बैठकीत मतं तीन विरुद्ध तीन पडली. राहिला बबन. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि फायबरच्या बाजूनं हात वर केला... डावा हात. ते मी पाहिलं, पण मला त्यात काही दिसलं नाही. माझ्या डोक्यात नुसती आग. बाहेर पडल्यावर त्याला शेडमागे गाठलं आणि विचारलं, "डॉक्टर त्या फायबरच्या कारखान्यात मिस्त्री म्हणून बसवणार आहेत का तुला?"

त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाला, "तसंच समजा, गुरुजी."

त्यानंतर आम्ही बोललो नाही. महिन्याभरात त्याचं हृदय बंद पडलं.

दहाव्यानंतर मी राजुरीला गेलो, निम्मा सांत्वनाला आणि निम्मा चौकशीला. त्याच्या बायकोला, हौसाबाईंना, आडून आडून कारखान्याचं विचारलं. त्यांना काही उमजेना. "कसला कारखाना? दोन वर्सं उजवा हात लई थरथरत व्हता त्यांचा. रंधा धरवत न्हवता. शर्टाची बटनं मी लावायची."

"मला कसं सांगितलं नाही?"

"तुमालाच सांगू नको म्हनले. म्हनायचे, लाकडाच्या बोटी ठिवल्या तर माज्यामागं कुजून जातील, बघनारं कोनी न्हाई. आन् गुरुजींना कळलं तर ते सोताच रंधा घेऊन बसतील आन् समद्या बुडवतील." सांगता सांगता त्या हसल्या आणि मग पदर डोळ्यांना लावला.

मला रडू आलं ते तिथे. अख्खा जन्म बोटींच्या तळावर नजर ठेवली आणि शेजारी बसून चहा पिणाऱ्या मित्राचा हात मला दिसला नाही. विकला गेलास, असं मी त्याला तोंडावर म्हणालो आणि त्यानं ते मान्य करून टाकलं. थरथरणारा हात दाखवण्यापेक्षा त्याला ते सोपं वाटलं.

परवा पुण्याहून, जुन्या बोटीवरून नव्या फायबरच्या बोटींसाठी साचा घेणारा कारागीर आला. त्यातल्या त्यात धड म्हणून तीन नंबरची बोट शेडमध्ये उलटी घातली होती. तळाच्या मधल्या सांध्याची रेष वीतभर वेडीवाकडी गेलेली, पुट्टी भरताना हात हलल्यासारखी. हे काम गेल्या हंगामातलं. तेव्हा मी बोललोही होतो, आणि "लाकूडच तसलं" म्हणून बबननं वेळ मारून नेली होती.

"हे आधी घासून सरळ करतो," कारागीर म्हणाला, "नाहीतर निघणाऱ्या प्रत्येक बोटीत ही रेष उठेल."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. म्हातारा आता खोडा घालणार, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी खाली बसलो आणि त्या रेषेवरून तळवा फिरवला... बबन फिरवायचा तसा.

"राहू द्या तशीच," मी म्हणालो.

"अहो, बोट थोडी हळू पळेल."

"सातही?"

"हो, सातही. सारख्याच."

"मग झालं," मी म्हणालो.