पिंपाचा नारिंगी डाग

“अरे बाहेरून घे, बाहेरून! पिंपाचा मुका घेणार आहेस का?”

“तू दोर सांभाळ. सुकाणू माझ्या हातात आहे.”

“त्याचंच तर रडगाणं आहे!”

होडीत दोघंच. मागं सुकाणू धरून बसलेला थोरला भाऊ, धंद्यानं नळकाम करणारा. पुढं शिडाचा दोर मुठीत आवळून बसलेली त्याची बहीण. तिला सगळा क्लब शिडवाली म्हणतो, कारण तळ्यावरच्या झाडून साऱ्या होड्यांची फाटकी शिडं तिच्याच मशीनवर येतात. बाप जाताना ही एकच होडी दोघांच्या नावानं ठेवून गेला. भांडायला दुसरं काही नव्हतं असं नाही. पण होडी पुरली. हंगामभर दर आठवड्याला दोघं एका फळीवर बसत आणि काठावर येईस्तोवर एकमेकांची उणीदुणी काढत. लोक शर्यत कमी बघत, यांचं जास्त ऐकत.

आज हंगामातली शेवटची शर्यत. वारं बोचरं, तळं शिशासारखं, आणि धक्क्यावर कानटोप्या घातलेली पाचपन्नास टाळकी. शर्यत कसली, हौशी लोकांचा खेळ. पण शिडवालीचा जीव तिच्यात अडकला होता. आईसमोर ठरलं होतं: यंदाचा कप घरी आला तर पुढच्या हंगामात सुकाणू तिच्याकडं. नाही आला, तर तिची जागा भावाच्या जावयाला. जावई म्हणजे सरळ दोराला गाठ मारून ती सोडवायला सासऱ्याला हाक मारणारा गडी.

आणि आज कप समोर दिसत होता. शेवटचं वळण घेतलं की सुटले. मागं दातांचा डॉक्टर होता, पण चांगला लांब.

वळणाची खूण म्हणजे नारिंगी रंगवलेलं एक जुनं पिंप. रंग असला भिकार की नुसता हात लागला तरी उतरावा. या तळ्यावर पाण्यात पंच नसतो. पिंपाला ज्याची होडी लागेल त्यानं आपणहून “लागलं!” म्हणून ओरडायचं आणि तिथंच एक पूर्ण गिरकी घ्यायची. बापाच्या काळापासून असंच चालत आलंय.

भावानं वळण नको तेवढं आत घेतलं. होडी कलली, शिडाचा खालचा कोपरा पिंपावरनं खसकन घासला, पिंपाच्या कडीत अडकला आणि सुटला. शिवण बोटभर उसवली. वर हातभर नारिंगी फराटा.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

डॉक्टरच्या आणि त्यांच्या मधे पिंप होतं, शीड होतं. कुणाला दिसलं नव्हतं.

“गप बस,” भाऊ दबक्या आवाजात म्हणाला. “काठावर गेलो की शीड तूच गुंडाळतेस ना? रंग आतल्या घडीत घे. कप आपला. पुढच्या वर्षी सुकाणू तुझं. जा, दिलं!”

त्या ‘दिलं’नं तिच्या डोक्यात तिडीक गेली. सुकाणू हवं होतं, फार हवं होतं. पण भावाला ती लहानपणापासून ओळखत होती. लपवून दिलेली वस्तू हा माणूस जन्मभर बोलून दाखवणार. वळण चुकलं की ‘दिलं म्हणून बसलीस’. आईसमोर, सुनांसमोर, धक्क्यावरच्या टाळक्यांसमोर. प्रामाणिकपणाचा तिला काही उमाळा आला नव्हता. त्याच्या हातून घ्यायचंच नव्हतं.

ती फळीवर उभी राहिली आणि छाती फुटेस्तोवर ओरडली, “लागलं! आमचं लागलं!”

“सटवे!” भाऊ म्हणाला.

“घे गिरकी. का तीही मीच घेऊ?”

त्यानं गिरकी घेतली. असली रागानं घेतली की दोघंही गुडघ्यापर्यंत भिजली. डॉक्टर हात हलवत पुढं गेला. त्याच्यामागनं आणखी एक होडी गेली.

धक्क्यावर उतरताना भाऊ तिच्याकडं न बघता म्हणाला, “पुढच्या वर्षी इथं काठावर बसून ओरड. गळा आहेच तुला.”

“आणि तू जावयाच्या गाठी सोडव,” ती म्हणाली आणि ओल्या चपला हातात घेऊन चालू पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. हंगाम संपला की सगळ्यांची शिडं दुरुस्तीला येतात. त्यातच भावाचा जावई बगलेत कालचंच शीड घेऊन दारात उभा राहिला.

“आत्या, बाबा म्हणाले, शिवण घाला आणि तेवढा डागही काढा.”

“स्वतः का नाही आला?”

“काम आहे म्हणाले.”

“काम! असेल, असेल.” तिनं शीड ओढून घेतलं, टेबलावर पसरलं. “शिवण घालते. डाग काढायची नाही.”

“का पण?”

“सुकाणूवर बसलं की बरोब्बर नाकासमोर येतो. राहू दे त्याच्या नाकासमोर.”

जावई जिना उतरून गेला.

दोराचे वळ उठलेला तळवा तिनं मांडीवर चोळला. जाड सुई लावली, दोरा दुहेरी घेतला. शीड बापाचं होतं, त्यात कुचराई नाही. मग नारिंगी फराट्याला हातही न लावता उसवलेली कड सुईखाली सारली आणि मशीन चालू केलं.